गढूळ पाझर

पुष्कळ पिढ्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हा एका थोरल्या राज्यात बरेच प्रांत होते, प्रत्येक प्रांताची आपली सभा होती, आणि सगळ्यांच्या वर राजधानीत सम्राटाचा दरबार होता. लहानांनी ऐका, मोठ्यांनी जरा जास्त ऐका. ही गोष्ट मानाच्या जागेवर बसणाऱ्यांची आहे आणि तिथे लहान मुलं बसत नाहीत.

एका कोरड्या प्रांतात एक स्थपती होता. तुम्ही त्याला इंजिनिअर म्हणाल. त्याने दोन डोंगरांच्या मध्ये मातीचं धरण बांधायला घेतलं. एक थर माती टाकायची, त्यावर पाणी शिंपडायचं, मग बैलांच्या जोड्या फिरवायच्या. बैलाचा खूर रुतेनासा झाला की पुढचा थर.

लोक वैतागायचे. म्हणायचे, "अहो, किती तुडवाल? माती आहे की कणीक?"

तो म्हणायचा, "कणीक कच्ची राहिली तर पोट दुखतं. माती कच्ची राहिली तर गाव जातं."

धरण पुरं झालं आणि त्या पावसाळ्यात भरलं. काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे आभाळ उतरलं होतं. बायका डोक्यावरच्या घागरी विसरून बघत राहिल्या. एवढं पाणी एका जागी त्या प्रांतात कुणी पाहिलंच नव्हतं. कुणी मोठ्याने बोलेना, जणू बोललं तर ते निघून जाईल.

तेवढ्यात भिंतीच्या पायथ्याकडून कुणीतरी ओरडलं, "गळतंय! धरण गळतंय!"

स्थपती खाली उतरला. पायथ्याशी करंगळीएवढी धार वाहत होती. त्याने ओंजळ धरली आणि सगळ्यांना दाखवली. "मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी नितळ आहे ना, मग धरण धडधाकट आहे. पाझर गढूळ झाला तर मात्र समजा, पाणी भिंतीच्या पोटातली माती खातंय." आणि तो ते पाणी प्यायला. मग सगळेच प्यायले.

दोन-चार वर्षांत प्रांत हिरवा झाला. गावोगावचे कारभारी त्याच्या दारात आले. "आता तुम्ही सभेत चला. धरण बांधलंत, तसा प्रांत बांधा."

त्याची बायको आतून म्हणाली, "ह्यांना? ह्यांना दगडांशी बोलायची सवय. माणसं उलट उत्तर देतात."

"शिकेन की," तो म्हणाला.

आणि शिकला हो. मी राजकारणाला नाकं मुरडणारी बाई नाही. घाण आहे म्हणून शहाणे दूर राहतात, आणि मग शहाणे दूर आहेत म्हणून आणखी घाण होते. ज्याला भिंत उभी करता येते त्याने राज्य का चालवू नये? त्याने विहिरी खोदल्या, घाट फोडले, दोन गावांची पिढ्यांची भांडणं एका पाटाने मिटवली. होता होता तो सभेचा प्रमुख झाला.

पण सभेत एक गोष्ट असते, ती बांधावर नसते. टाळ्या.

वरच्या अंगाच्या गावांना धरणाचं पाणी पोचत नव्हतं. तिथली एक बागायतदारीण होती, उसाची मोठी मालकीण, तोंडाची फटकळ. भर सभेत ती उभी राहिली. "खालच्यांना पाणी आणि आम्हाला नुसता धरणाचा देखावा? भिंत उंच करा, म्हणजे पाटही वर येईल!"

लोक ओरडले, "उंच करा! उंच करा!"

स्थपतीला ठाऊक होतं, जुन्या भिंतीला नवी माती जोडायची तर दोन हंगाम लागतात. पण हजारो तोंडं त्याच्याकडे बघत होती. तो म्हणून गेला, "पावसाळ्याच्या आत करतो!"

असा टाळ्यांचा गजर झाला म्हणून सांगू!

बांधावरचे मुकादम विचारायला आले, "साहेब, एवढ्या वेळात बैल फिरवायचे कसे?"

तो म्हणाला, "जमतील तेवढे फिरवा."

बघा, हेच वाक्य. पूर्वी हेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं, तर स्थपतीने त्याला बांधावरून हाकललं असतं.

भिंत वेळेत उंच झाली. वरच्या गावांना पाणी मिळालं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचं नाव राजधानीत पोचलं आणि प्रांताने त्याला आपला प्रमुख म्हणूनच सम्राटाच्या दरबारात पाठवलं. तिथे तो नद्यांविषयी बोलू लागला की जुने सरदारही जांभया द्यायचे विसरत. काही वर्षांनी सम्राटाने ठरवलं, ह्यालाच महाप्रधान करायचं. आणि प्रधानकीची वस्त्रं द्यायची ती राजवाड्यात नाही, त्याच्या धरणाच्या भिंतीवर!

तो दिवस उजाडला. पावसाळा नुकता सरला होता, तलाव काठोकाठ होता. भिंतीवर मांडव घातलेला, झेंडे लावलेले. गावंच्या गावं भिंतीवर येऊन उभी राहिली, कडेवर पोरं घेऊन. खाली नदीकाठी विणकरांचं मोठं नगर होतं, तेही अर्धं वर आलं होतं.

स्थपती तोंड धुवायला पायथ्याशी उतरला. जुनी सवय. त्याने धारेखाली ओंजळ धरली.

ओंजळीतला तळहात दिसेना.

धार आता मनगटाएवढी होती आणि पाणी चहासारखं तांबूस. जुन्या आणि नव्या मातीचा सांधा बरोबर त्या धारेच्या वर होता. त्याला सगळं कळलं.

मागे त्याचा चिटणीस उभा होता, हुशार माणूस. त्यालाही कळलं. तो हळूच म्हणाला, "आज गप्प राहा. घटकाभरात वस्त्रं अंगावर चढतील. मग साऱ्या राज्याची सत्ता तुमच्या हातात. उद्या गुपचूप दुरुस्ती करून घ्या. कुणाला कळणार नाही तुमचं चुकलं ते."

स्थपती म्हणाला, "आणि उद्या तू म्हणशील, परवा."

"अहो, पण आज बोललात तर दरबारही जाईल आणि प्रांतही जाईल!"

"वर पोरं उभी आहेत," एवढंच म्हणून तो चढू लागला.

तो मांडवात गेला. सम्राट वस्त्रांचं तबक घेऊन उभा होता. स्थपतीने वस्त्रांना हात लावला नाही. तो लोकांकडे वळला आणि बांधावर ओरडायचा तसा ओरडला.

"ही भिंत आतून पोकळ झाली आहे! ती मी घाईने उंच केली. बैल पुरते फिरवले नाहीत. चूक माझी आहे. सगळे टेकडीवर चला. धरण रिकामं करावं लागेल."

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बागायतदारीण पुढे आली. "वा रे वा! टाळ्या हव्या होत्या तेव्हा भिंत उंच झाली. आता प्रधान व्हायला निघालास, तर आमचं पाणी सोडून देतोस? माझा ऊस काय तुझ्या भाषणावर जगणार?"

"नाही जगणार, बाई. वाळेल," तो म्हणाला. "तू तेवढी जग. खाली उतर."

सम्राटाचा चेहरा लाल झाला. "प्रधान होण्याआधीच राज्याचं पाणी वाया घालवणार? माझ्यासमोर, माझ्या समारंभात?"

"महाराज, टेकडीवर जाऊन रागवा. इथे नको."

सम्राटाने वस्त्रांचं तबक परत पाठवलं आणि घोडा मागवला. लोक शिव्या देत, झेंडे उपटत उतरले. पण उतरले. तो अजून प्रांताचा प्रमुख होता, धरणाची दारं त्याच्या शब्दावर उघडत. त्याने ती उघडली, पाणी नदीच्या पात्रात मावेल एवढीच.

काय तो आवाज! डोंगर बोलतोय असं वाटावं. पाणी उसळून पांढरं झालं, त्याचे तुषार टेकडीवर बसलेल्यांच्या तोंडावर आले. नदी काठांना घासत, थरथरत समुद्राकडे निघाली. विणकरांच्या ओट्यांपर्यंत आली, पण उंबरे तिने ओलांडले नाहीत. बरेच दिवस ती तशीच वाहत होती. टेकडीवर बसलेले लोक आपलं वर्ष वाहून जाताना बघत होते.

ऊस वाळला. सभेने स्थपतीला काढून टाकलं. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं ते त्याला बघून रस्ता बदलू लागले.

तलाव आटला तशी भिंतीची आतली बाजू उघडी पडली. सांध्यापाशी एक भोक दिसलं, माणूस वाकून जाईल एवढं. स्थपती मशाल घेऊन आत शिरला. त्याच्यामागे बागायतदारीण शिरली, "बघू तरी काय खोटं बोलतोय" म्हणत.

आत गेल्यावर ती सरळ उभी राहिली. मग तिने मान वर केली. मशालीचा उजेड छताला पोचत नव्हता. भिंतीच्या पोटात देवळाच्या सभामंडपाएवढी गुहा झाली होती. वर हातभर मातीचं कवच, आणि त्या कवचावर त्या दिवशी गावंच्या गावं उभी होती. तिचे नातूसुद्धा.

ती फटकळ बाई तशीच मागे फिरली. बाहेर येऊन नुसती लोकांना हात करू लागली. एकेक जण आत जाई आणि पायातल्या वहाणा हातात घेऊन बाहेर येई. का ते कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सकाळी ती आपले बैल घेऊन बांधावर आली. "कुठून तुडवायचं ते सांग," म्हणाली. तिच्यामागून सगळी गावं आली. या वेळी कुणी घाई केली नाही.

काम अर्ध्यावर असताना सम्राट आला. बुजवण्याआधी ती गुहा कशी होती, ते त्यानेही ऐकलं होतं. तबक पुन्हा बरोबर होतं. तो म्हणाला, "वस्त्रं घ्या, महाप्रधान."

स्थपती गुडघ्यापर्यंत चिखलात होता. तो काही बोलायच्या आत बागायतदारीण बैलांमागून ओरडली, "महाराज, आत्ता नको! मळतील. आणि हा गेला तर थर कोण बघेल? बसा जरा!"

सम्राटाने तबक खाली ठेवलं आणि तो मातीच्या ढिगावर बसला. शेवटचा थर पक्का होईपर्यंत तो दर महिन्याला येई, तिथेच बसे आणि बैल फिरताना बघे.

मग स्थपती महाप्रधान झाला. त्याच्या काळात दरबारात एक नवल घडू लागलं. "हे माझं चुकलं" असं मोठाले सरदार भर दरबारात उभे राहून म्हणू लागले, आणि सम्राट मान खाली घालून ऐकू लागला.

बोध: स्वतःची चूक मान हातचा गेला तरी, कुणाचा जीव जाण्याआधी जो चारचौघांत सांगतो, राज्य त्याच्याच हाती द्यावं.