मोकळं पातं

खिशात चाकू बाळगायची पद्धत होती, तेव्हाची ही गोष्ट. रंगनाथतात्यांच्या घडीच्या चाकूचं पातं सारखं कुरकुरायचं, "काम सगळं माझं, आणि मिटायचं या जुनाट मुठीत!"

एकदा नवी शिसवी मूठ बसवायला तात्यांनी पडवीत चाकू खोलला. मोकळं पातं टेबलावर ऐटीत चमकू लागलं.

तेवढ्यात तात्या चष्म्यासाठी टेबल चाचपू लागले. आपल्याला रोज धार लावणारी बोटं जवळ येताना पाहून पातं हादरलं. आता मिटायचं कुठे? "मूठताई, धाव गं!"

शेजारीच पडलेल्या जुन्या मुठीनं टेबलावरून सरळ खाली उडी घेतली. आवाजानं तात्यांचा हात थांबला. ते वाकले, तसा कपाळावरचा चष्मा नाकावर घसरला. मूठ उचलताना तिच्यावरच्या झिजलेल्या खळग्यात अंगठा आपसूक बसला. "छे, हीच बरी!"

तात्यांनी चाकू पुन्हा जोडला, तसं हुश्श करत पातं आत मिटलं. मग हळूच म्हणालं, "लागलं का गं तुला?"