नीलकंठाचा गळा

एका राज्यात सुधन्वा नावाचा राजा होता, त्याला चित्रांच्या पोथ्यांची भारी हौस. हौसेला मोल नसते, आणि राजाच्या हौसेला तर आडकाठीही नसते. त्याने मायाधर नावाच्या मांत्रिक कारागिराला आज्ञा केली, "राज्यातले सगळे पक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोर आणि कागदावर छाप. एकही सुटता कामा नये."

मायाधर शब्दाचा पक्का. तो जो पक्षी कोरी, तो आभाळातून उतरून कागदावरच्या काळ्या रेघांत अडके. एकही सुटला नाही. राने मुकी झाली, अळ्यांनी शेते फस्त केली. राजाने विनवणी केली तेव्हा मायाधर म्हणाला, "माझी कोरणी बांधू जाणते, सोडू जाणत नाही." त्याची पाळलेली साळुंकी मात्र बोलली, "जो तीन पाने खऱ्या रंगांनी रंगवील, तो सर्वांना सोडवील. चुकेल तो स्वतः रेघ होईल."

दरबाराचा चितारी चित्ररथ पुढे झाला. दोन पाने त्याने साधली. तिसऱ्यावर तो कागदातच गेला, आणि पक्ष्याच्या पायाशी एक रेघांचा माणूस उमटला. तिन्ही पानांचे रंग उडून गेले.

चित्ररथाचे रंग घरी त्याची बायको सुरंगी खलीत असे. ती वाट्या घेऊन दरबारात आली.

"चुकलीस तर?" राजाने विचारले.

"तर त्यांच्या शेजारी असेन, महाराज."

पहिले पान हळद्याचे. तिने त्याला हळदीचा रंग दिला, डोळ्याला काजळाची रेघ ओढली. हळद्याने पंख झटकले.

दुसरे तांबटाचे. प्रधान म्हणाले, "तांब्याचा रंग घे." सुरंगी म्हणाली, "तांबट हे नाव त्याच्या ठोक्यांचे, अंगाचे नव्हे." तिने अंग हिरवे केले, कपाळ लाल, गळा पिवळा. कागदातून टुक टुक ऐकू आले.

तिसरे नीलकंठाचे. पायाशी नवरा उभा होता. त्याच्याकडे पाहून तिला रडू आले, पण डोळे पुसून तिने पंखांना नीळ लावली. मग नीळ बाजूला ठेवून गेरूत जांभळा रंग कालवला.

"गळा निळाच," राजा म्हणाला. "नावच नीलकंठ. दर दसऱ्याला मी त्याचे दर्शन घेतो."

"दर्शन कसे घेता, महाराज?"

"हात जोडून, डोळे मिटून."

"आमच्या घरीही तसेच घेतात. माझ्या हातात मात्र आपट्याच्या पानांची टोपली असे. हात जोडता येत नसत, म्हणून मी नुसती पाहत राही."

तिने गळा विटकरी-जांभळा केला, त्यावर पांढुरक्या रेघा ओढल्या. तिला भीती वाटत होती, तरी शेवटची रेघ सरळ आली. पोथी फडफडली आणि राज्यातले सगळे पक्षी खिडक्यांतून उडाले. मागून चित्ररथ बाहेर आला. त्याच्या बोटांना अजून नीळ होती.

"माझे कुठे चुकले?" त्याने विचारले.

"नावावर विश्वास ठेवलात," सुरंगी म्हणाली. "चला, जेवायचे खोळंबले आहे."

राजाने मायाधराचे पत्रे वितळवून घंटा ओतवली. पुढच्या दसऱ्याला वेशीच्या कमानीवर नीलकंठ बसला, तेव्हा चित्ररथ त्याच्याकडे पाहतच राहिला. हात जोडायचे राहून गेले, आणि सुरंगीने आठवण करून दिली नाही. जसा तिचा धनी तिला भेटला, तशी तुमची माणसे तुम्हाला भेटोत.