घाटाआधीचा सराव

पाच टप्प्यांच्या सायकल शर्यतीत चव्वेचाळीस वर्षांचे सिद्राम बिराजदार चार दिवस घोळक्याच्या मागे एकटेच राहिले. त्यांच्या बरोबरीचे गडी केव्हाच शर्यती सोडून संसाराला लागले होते, त्यामुळे जेवायलाही ते एकटेच बसत. शेवटचा टप्पा घाटाचा. आदल्या संध्याकाळी संघाचे व्यवस्थापक सरपोतदार सर्वांदेखत म्हणाले, "बिराजदार, रोज एकटे पडता. उद्या तुम्हाला कशाला उतरवू?"

सिद्राम म्हणाले, "साहेब, सपाटीला दुसऱ्याच्या आडोशानं जाता येतं. घाट ज्याचा त्यानं एकट्यानंच चढायचा असतो. एकट्यानं सायकल मारायचा चार दिवसांचा सराव माझ्याशिवाय कुणाला झालाय?"

सरपोतदारांनी हातातली यादी घडी करून खिशात घातली. नाव यादीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या अंतिम रेषेवर सिद्राम पहिले पोचले. त्यांची वाट पाहणारं तिथं कुणी नव्हतं. शेवटी सरपोतदारच पाण्याची बाटली घेऊन आले आणि त्यांच्याशेजारी कठड्यावर बसले.