करंजाच्या फांदीवरचे गवत

सह्याद्रीच्या एका खोऱ्यात एक नदी राहत असे. नदी वाहते, राहत नाही, असे तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण तिच्या काठचे प्राणी मात्र तिला आपली शेजारीणच समजत. कड्याच्या पोटातल्या करंगळीएवढ्या झऱ्यातून ती निघे, तीन उड्यांत कडा उतरे, धोंड्याधोंड्यांतून खळाळत करंजाच्या वळणाशी येऊन जरा दम खाई, आणि पुढे काळ्या कातळाखालच्या खोल डोहात शिरून मग सपाटीला लागे.

कार्तिक महिन्यात एक साळू त्या वळणाशी आली. साळू म्हणजे अंगभर काटे बाळगणारी आणि समोर दिसेल ते कुरतडून पाहणारी. ती आजवर वरच्या माळावर राहत होती. गेल्या उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी तिने दोन डोंगर तुडवले होते. आता तिला पिल्ले होणार होती. "पिल्लांना तहानेने रडू द्यायचं नाही," असे ठरवून ती नदीकाठी बीळ खणायला आली होती.

पाण्यातल्या एका पांढऱ्या धोंड्यावर धोबी पक्षी शेपटी हलवत बसला होता. त्याची शेपटी झोपेतसुद्धा हलत असावी. साळूने त्याला विचारले, "धोबीभाऊ, ही नदी कशी आहे हो?"

"गाय आहे, ताई, गरीब गाय!" धोबी म्हणाला. "माझे पायसुद्धा धड बुडत नाहीत. या धोंड्यावर मी वर्षानुवर्षं बसतोय, एकदाही हललेला नाही. खुशाल पाण्याला लागून घर करा."

इतके गोड बोलणारा शेजारी मिळाल्यावर आणखी काय हवे? साळू लगेच कामाला लागली. आठ दिवस तिने धारेपासून चार पावलांवर माती उकरली. नवव्या दिवशी काठावरचा बेडूक मान वर करून म्हणाला, "साळूबाई, घर बांधताय की पिल्लांसाठी होडी? ती वरची फांदी बघा. त्या फांदीवर बसून मी गायलोय, आणि माझे पाय पाण्यात होते!"

साळूने वर पाहिले. करंजाची ती फांदी तिच्या बिळापेक्षा कितीतरी उंच होती. फांदीला वाळक्या गवताचे झुबके लटकले होते.

धोबी हसून हसून धोंड्यावरून पडायचा बाकी राहिला. "बेडकाच्या गप्पा! अहो ताई, ते कावळ्याचं मोडकं घरटं आहे."

तेवढ्यात टिटवी आली आणि दोघांवरही खेकसली. "पाणी, पाणी काय करताय? वैशाखात मी इथे नदीच्या मधोमध अंडी घालते. नुसते गोटे असतात गोटे! पाणी असतं ते फक्त कातळाखालच्या डोहात." झाले! तिघांची जुंपली. वर्षातून याच आठ-दहा दिवसांत ती एकमेकांना भेटत आणि ते सगळे दिवस याच भांडणात घालवत. तू खोटा, तू खोटारडी, तू तर महाखोटा!

साळू गोंधळून गेली. चुकले तर भोगायचे पिल्लांनी. ती डोके धरून बसली असताना वाऱ्याने फांदीवरचा एक झुबका सुटला आणि नेमका तिच्या काट्यांवर येऊन अडकला. खोडीप्रमाणे तिने तो काढून कुरतडला. दातांखाली कचकन वाळू लागली! तिने झुबका उलगडला. आत नदीतल्या गोगलगाईचा एक रिकामा शंखही निघाला.

"गोगलगाय झाडावर चढली असेल, असं घटकाभर मानू," साळू म्हणाली. "पण वाळू कशी चढली?"

धोबी पाण्यात उगाच चोच बुचकळू लागला. टिटवी गोटे उलटू लागली. बेडूक मात्र गाल फुगवून बसला.

तेव्हा साळूने तिघांना असा एक प्रश्न विचारला, जो त्यांना आजवर कुणीच विचारला नव्हता. "तुम्ही इथे असता तरी कधी?"

"मी दिवाळीच्या सुमाराला येतो, होळीनंतर उत्तरेला जातो," धोबी म्हणाला.

"मी पावसाळ्यात माळावर असते. इथे चिखलात कोण राहणार?" टिटवी म्हणाली.

"थंडी पडली की मी मातीत झोपतो, तो उठतो थेट पावसातच," बेडूक म्हणाला.

साळूला इतका आनंद झाला, की तिचे सगळे काटे खुळखुळले. "अहो, मग तुम्ही तिघंही खरं बोलताय! नदी एकच, पण प्रत्येकाने तिचे काही महिनेच पाहिलेत. मला तर बारा महिने राहायचंय!"

आठ दिवसांची मेहनत तिने हसत सोडून दिली. बेडकाच्या फांदीपेक्षा दोन हात उंच, आणि टिटवीच्या डोहाकडे उतरणारी वाट जिथून सर्वांत जवळ, अशा जागी तिने नवे बीळ खणले. अर्धवट बिळात बेडूक झोपायला गेला. "चांगलं भोक फुकट जाऊ नये," तो म्हणाला.

माघात साळूला दोन पिल्ले झाली. धोब्याच्या उथळ धारेवर ती पाणी प्यायला शिकली. वैशाखात धार तुटली, वळणावर नुसते गोटे उरले. तरी पिल्ले एकदाही तहानेने रडली नाहीत, कारण डोह हाकेच्या अंतरावर होता. आणि आषाढात नदी आली! तांबडी, फेसाळ, कड्यावरून धोंडे गडगडत आणणारी. सकाळी तिने जुने बीळ गिळले, दुपारी करंजाचा बुंधा गिळला. साळू पिल्लांना पोटाशी धरून दाराशी उभी राहिली. पाणी चढत चढत फांदीला टेकले आणि तिथेच थांबले. फांदीवर पाय पाण्यात सोडून बेडूक गात होता, "डराव! सांगितलं नव्हतं?" साळूचा जीव भांड्यात पडला. पिल्लांनी काटे खुळखुळवून बेडकाला अशी साथ दिली, की तो दिवस ती कुणीच विसरली नाहीत.

पुढच्या कार्तिकात धोबी परतला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "माझा पांढरा धोंडा कुणी नेला?"

"नदीने!" पिल्ले एका सुरात ओरडली.

धोब्याने वर पाहिले. फांदीवर गवताचा नवा झुबका होता. जन्मात पहिल्यांदा त्याची शेपटी हलायची थांबली.

इतक्यात एक मुंगूस आपले बिऱ्हाडबाजले घेऊन आले. "धोबीदादा, इथे घर करावं म्हणतो. नदी कशी आहे?"

धोब्याने एकदा वरच्या झुबक्याकडे पाहिले. मग म्हणाला, "थंडीतली विचारशील तर गाय आहे. बाकीची मला ठाऊक नाही बाबा. चल, बेडूक झोपायच्या आत त्याला गाठू, मग टिटवीकडे जाऊ." आणि त्याची शेपटी पुन्हा आनंदाने हलू लागली.

तात्पर्य : नदी कशी आहे हे ज्याला त्याला जरूर विचारावे, पण त्याने ती कोणत्या महिन्यात पाहिली हे विचारल्याशिवाय काठावर घर बांधू नये.