पाठमोरी खुर्ची

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे आली आणि म्हणाली, की आज मला काही शिकायचे नाही, आज मला फक्त उत्तर हवे आहे.

गुरू म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. आजारपणात ज्यांची वाचा गेली किंवा घास गिळणे दुष्कर झाले, अशा मोठ्या माणसांवर उपचार करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता त्या स्वतः रुग्ण तपासत नसत. हेच काम करणाऱ्या तरुण मंडळींचे ऐकून घेत. शनिवारी दुपारी यायचे, आपल्या अवघड रुग्णाविषयी मन मोकळे करायचे आणि चहा घेऊन जायचे, असा तिथला शिरस्ता होता. काही जणांना त्याचा कंटाळाही येई. पदवी मिळाली, दवाखाना थाटला, तरी पुन्हा बाकावर बसायचे म्हणजे काय, असे त्यांना वाटे. ही शिष्या, हेमांगी, मात्र त्यांतली नव्हती. ती वेळेवर येई, मुद्देसूद बोले, आणि बाईंनी प्रश्न विचारण्याआधीच तिच्यापाशी त्याचे उत्तर तयार असे. हुशार माणसांची हीच तर पंचाईत असते. त्यांना कधी आधार लागेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

त्या दिवशी तिला उत्तर हवे होते ते अप्पांविषयी. अप्पा कापडाचे व्यापारी. नुसत्या बोलण्याने गिऱ्हाइकाला खिळवून ठेवणारा माणूस. रुमाल घ्यायला आलेला त्यांच्या दुकानातून धोतरजोडी घेऊन बाहेर पडे. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू नेली आणि तिच्याबरोबर सगळे शब्दही नेले. मागे राहिला एकच, 'बघू'. भूक लागली तरी बघू, राग आला तरी बघू. त्यातच गिळताना पाणी श्वासनलिकेत जाऊ लागले. हेमांगीने महिनोन्महिने खपून त्यांना घट्ट पेजेवर आणि मऊ शिऱ्यावर आणले. मग गळा पुरेसा सावरला आहे याची खात्री करून घेऊन तिने एके दिवशी त्यांना चमचाभर साधा चहा दिला. चहाची चव लागताच अप्पांचे डोळे भरून आले. पण दोनच दिवसांत ताप चढला, छाती कफाने भरली आणि अप्पांना रुग्णालयात हलवावे लागले.

अप्पा वाचले. ताप चहामुळेच आला असे म्हणता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्वतः सांगितले. घरच्यांनी दोष दिला नाही. अप्पांच्या पत्नीने, काकूंनी, तर उलट हेमांगीलाच धीर दिला. पण घरी परतल्यापासून अप्पा तोंड उघडेनात. चमचा जवळ आला की मान फिरवीत. दिवसेंदिवस ते खंगत चालले. पोटात नळी बसवून तिच्यातूनच अन्न द्यावे आणि तोंडाने देणे कायमचे बंद करावे, असे डॉक्टरांचे मत पडत होते. मात्र गिळण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द हेमांगीचा होता, आणि तो सोमवारी द्यायचा होता.

"तुम्ही सांगा बाई, चालू ठेवायचं की थांबवायचं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेच मी डॉक्टरांना सांगते."

उद्या मी तुझ्याबरोबर अप्पांकडे येते, एवढेच त्या म्हणाल्या. हेमांगीच्या मनावरचे ओझे एकदम उतरले. आता बाई तपासतील, बाई ठरवतील, आणि पुढे काही बरेवाईट झालेच तर तो निर्णय आपला नसेल. या विचाराची तिला लाज वाटली, पण विचार मनातून जाईना.

रविवारी सकाळी काकूंनी अप्पांना धुतलेला सदरा घातला आणि पाठीशी उशा लावून बसवले. मोठ्या बाई येणार म्हणून पलंगासमोर चांगली खुर्ची मांडली. बाईंनी अप्पांना हात जोडले आणि तुमचे खाणे होईपर्यंत मी इथे बसू का, असे विचारले. अप्पांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "बघू." मग बाईंनी ती खुर्ची उचलली, अप्पांच्या उशाशी नेली आणि अप्पांकडे पाठ करून, तोंड हेमांगीकडे ठेवून, शांतपणे बसल्या.

काकूंना ते चमत्कारिक वाटले. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तिथून तुम्हाला हे दिसायचे नाहीत."

"इथूनच नीट दिसतंय," बाई म्हणाल्या.

हेमांगी कानकोंडी झाली, तरी तिने काम सुरू केले. अप्पांची हनुवटी थोडी खाली घेतली, दोन बोटे हलकेच गळ्यावर ठेवली आणि शिऱ्याचा चमचा ओठांशी नेला. अप्पांनी मान फिरवली. तिने पुन्हा प्रयत्न केला, चुचकारले, थोडा वेळ जाऊ दिला. प्रत्येक वेळी तेच. गळ्याची हालचाल कशी आहे, कफ किती आहे, हे ती बाईंना सांगत राहिली, पण बाईंनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. शिरा थंड झाला. निघताना काकूंनी हेमांगीला दारात थांबवून विचारले, की बाईंनी यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, म्हणजे आता काही आशाच उरली नाही का. हेमांगीने त्यांचा हात दाबला आणि ती बाईंच्या मागोमाग बाहेर पडली.

रस्त्याच्या वळणावर एक रसवंती होती. बाई दमल्या होत्या, म्हणून दोघी तिथल्या बाकावर बसल्या. रसाचे पेले समोर आले तरी हेमांगीने आपल्या पेल्याला हात लावला नाही. तिचा राग तिच्या आवाजात उतरला होता. ती म्हणाली, "तुम्ही रुग्ण पाहायला आलात आणि सगळा वेळ त्यांच्याकडे पाठ करून बसलात."

"अप्पांना पाहायला तू होतीस," बाई म्हणाल्या. "आणि तू त्यांना माझ्याहून बरं पाहतेस. तुला पाहायला तिथं कोणी नव्हतं, म्हणून मी तशी बसले. हेमांगी, आई बाळाला भरवते तेव्हा तिचं स्वतःचं तोंड कसं असतं?"

"उघडं," हेमांगी म्हणाली.

"आपण सगळेच भरवताना आ करतो, आपल्याला कळतही नाही. तूही करायचीस, माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा मी पाहिलंय. आज चमचा अप्पांच्या ओठांजवळ गेला, की तू ओठ घट्ट मिटत होतीस आणि श्वास धरत होतीस. दर वेळी. अप्पांचे शब्द गेलेत, नजर गेलेली नाही. जन्मभर गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखत आलेला माणूस आहे तो. हा घास नको, असं तुझा चेहराच त्यांना सांगतो, आणि ते ऐकतात. कदाचित ते तुलाच सांभाळून घेत असतील."

हेमांगीने काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण शब्द येईना. इतरांना शब्द मिळवून देणारी ती, आज स्वतःच अडली. बाईंनी तिच्या वतीने वाक्य पुरे केले नाही. वाचा गेलेल्या माणसासमोर जितक्या धीराने थांबतात, तितक्याच धीराने त्या थांबल्या. शेवटी ती म्हणाली, "मला भीती वाटते, बाई." आणि मग ती रडली. तो चहा, ते भरून आलेले डोळे, तो ताप, रुग्णालयाच्या जिन्यात एकटीने काढलेली ती दुपार, सगळे तुटक तुटक सांगत राहिली. इतक्या शनिवारांत ती पहिल्यांदाच तयारीवाचून बोलत होती.

"मी उत्तर दिलं असतं, तर ते माझं झालं असतं," बाई म्हणाल्या. "अप्पांचा गळा तुझ्या बोटांना माहीत आहे, मला नाही. भीती वाटण्यात तुझं काही चुकलं नाही. ती कोणाला न सांगता एकटीने वाहिलीस, तिथं चुकलं. ती माझ्याकडे आणत जा. शनिवार त्यासाठीच आहे. रुग्णाकडे जाताना बोटं मोकळी असू देत."

सोमवारी डॉक्टरांना भेटण्याआधी हेमांगी अप्पांकडे गेली. आज बरोबर कोणी नव्हते. चमचा हातात घेण्यापूर्वी ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अप्पा, त्या दिवसापासून मी घाबरले आहे. ती भीती माझी आहे, तुमच्या गळ्याची नाही. पुन्हा एकदा करून पाहू?"

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. डावा हात हळूहळू उचलून त्यांनी तो तिच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "बघू."

तिने श्वास सोडला. चमचा पुढे नेताना तिचे तोंड आपोआप उघडले, आणि समोर अप्पांचेही. तिच्या बोटांखाली त्यांचा गळा वर उचलला गेला आणि खाली आला. खोकला नाही, ठसका नाही. दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

दुपारी तिने डॉक्टरांना आपले मत स्वच्छ सांगितले. अंगात ताकद यायला नळी हवी, ती बसवावी. पण तोंडाने देणे बंद करू नये. पोटापुरते नळीतून जाऊ दे, जिभेपुरते चमच्याने. धोका उरतोच, तो आपण सगळ्यांनी, अप्पांनीसुद्धा, समजून पत्करू. डॉक्टरांनी दोन-चार शंका विचारल्या आणि ते मान्य केले.

पुढच्या शनिवारी हेमांगी बाईंकडे आली, तेव्हा तिच्याजवळ कोणतेही उत्तर तयार नव्हते. ती नुसतीच बसली. बाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली आणि चहा निवत असला तरी तिला घाई केली नाही.

जो दुसऱ्याच्या गळ्यावर बोटे ठेवून बसतो, त्याच्याकडेही कोणीतरी तोंड करून बसलेले असावे.