बांधावर कुणी बसेना

वेळ दुपारी चारची. महिना चैत्राचा. जागा बोरसुळीच्या तलावाकाठचा मठ.

"...मग या गावाला पाहिजे तरी काय, बाबा?" प्राध्यापक चन्नवीर होनराव विचारत होते.

दौलतगिरी बाबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मूठभर दाणे पुढं केले. चन्नवीरांनी घेतले नाहीत.

चन्नवीर म्हणजे बोरसुळी इतिहास मंडळाचे अध्यक्ष. याच ओट्यावर बाबांनी त्यांना धुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. आता ते जिल्ह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत, आणि गावात आले की गावालाही शिकवत.

गावानं मंडळाला पाठिंबा दिला नाही असं म्हणता आलं नसतं. मांडव फुकट, लाउडस्पीकर फुकट. जेवण आळ्यांनी आपसांत वाटून घेतलेलं. परवा पुस्तकाचं प्रकाशन व्हायचं होतं. विषय तलावाचाच: बहात्तरच्या दुष्काळात गावानं आपल्या हातांनी बांधलेला तलाव. मंत्र्यांनी तारीख दिली होती. पुस्तक तेवढं छापायचं राहिलं होतं. छापखानेवाला संध्याकाळपर्यंत होकाराची वाट बघत होता.

"तलावाचा सोहळा तलावाच्या बांधावरच शोभतो की नाही? तर सगळे म्हणतात, शाळेत घ्या."

"का म्हणे?"

"आधी म्हणाले ऊन. संध्याकाळी घेतो म्हटलं, तर म्हणाले डास. धूर करतो म्हटलं, तर उठूनच गेले."

"आणि बळंच बांधावर घेतलास तर?"

"म्हणतात, तुम्ही आणि मंत्री बसा. आम्ही जेवण शाळेत वाढून ठेवतो."

बाबा हसले.

"हसू नका, बाबा. वीस वर्षं मी या गावासाठी झिजलोय. अडाणी माणसं! इतिहासाची जाणीवच नाही."

"...वाच बरं. काय लिहिलंस?"

चन्नवीरांनी कागद काढले. आवाज आपोआप सभेतला झाला.

"दुष्काळाच्या वणव्यातही बोरसुळीकरांचं हसू करपलं नाही. ओव्या गात आयाबहिणींनी मातीच्या पाट्या वाहिल्या. बांधाच्या पायथ्याशी सर्वपित्री अमावास्येला आजही स्त्रिया भाकरी ठेवतात. जलदेवतेच्या पूजनाची ही प्राचीन प्रथा..."

"कशाबरोबर ठेवतात?"

"काय?"

"भाकरी."

"लसणाच्या चटणीबरोबर. कधी कांदा."

"जलदेवतेला लसूण चालतो का रे, चन्नू?"

चन्नवीर थांबले. मग म्हणाले, "लोकदेवता आहे. चालत असेल."

"तलाव पन्नास वर्षांचा. प्रथा प्राचीन कशी झाली?"

"बाबा, शब्दांत अडकू नका. मी हवेत लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपून घेतलेत. ऐका."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. सोपानराव पाटोळ्यांचा खरखरीत आवाज आला. पाट्या, कुदळी, खायला मिळालेली सुकडी, मुकादमाची शिटी, पाऊस, भरलेला तलाव. मग वरच्या आळीच्या निलावती आक्का. तसंच सगळं. एका दमात.

बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"आक्काला दमा आहे ना?"

"आहे."

"मग मधी श्वास कसा नाही घेतला तिनं?"

चन्नवीर कौतुकानं म्हणाले, "ते मी काढून टाकलं. घरी संगणकावर साफ करतो मी. ही माणसं मधेच गप्प बसतात. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो."

"काढलेलं कुठंय?"

"मूळ आहे की फोनातच."

"ते लाव."

"बाबा, छापखानेवाला..."

"लाव."

चन्नवीरांनी लावलं. पुन्हा सोपानराव. पाट्या, कुदळी, सुकडी. मुकादमानं दुपारची शिटी मारली...

आवाज थांबला. कुठंतरी कोंबडी ओरडली. खाट करकरली...

"मग पाऊस झाला बगा त्या साली. चांगला झाला."

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या. "आता आक्का."

"आमी बायका माती वाहायचो," आक्का सांगत होत्या. "शिटी झाली की भाकरी खायला सावली बगायची. झाड एक बी ऱ्हायलं नव्हतं. समदी जनावराला घातलेली. सावली एकच. माती खणून खणून उभी दरड झाली व्हती, तिच्या बुडाला. मला त्या दिशी ताप व्हता, मी घरी व्हते. बाकीच्या समद्या..."

थांबल्या.

फोनातून फक्त श्वास येत होता. दम्याचा, शिटीसारखा. एक... मग बऱ्याच वेळानं दुसरा... भांडं सरकल्याचा आवाज.

"समद्या..."

आणि तिथं तिसराच आवाज आला. स्वच्छ, शिकलेला, घाईतला.

"बरं, ते असू द्या आक्का. उद्घाटनाला कोण पाहुणे आले होते?"

चन्नवीरांनी झटकन हात पुढं केला. बाबांनी तो मनगटात धरला. फोन चालूच राहिला. आक्का पाहुण्याचं नाव सांगत होत्या, आणि चन्नवीरांचा आवाज त्यांना शाबासकी देत होता.

बाबांनी हात सोडला.

चन्नवीर समोरच्या बांधाकडं बघत राहिले. बांधावर हिरवं गवत होतं. पायथ्याशी बाभळी माजल्या होत्या. वीस वर्षांत इथं त्यांनी किती फोटो काढले होते...

"मला वाटलं, आठवत नसेल तिला," ते म्हणाले.

बाबांनी फोन त्यांच्याकडं सरकवला.

"म्हातारं माणूस. थांबतं बोलताना. मला काय माहीत?"



फोन वाजला. छापखान्यातून.

"सर, चढवू का मशीनवर? आत्ता लावलं तर उद्या बांधून मिळेल. नंतर माझ्याकडं लग्नपत्रिकांची गर्दी आहे."

"थांबा जरा."

"किती वेळ, सर? मंत्री येणार म्हणालात."

"थांबा म्हटलं ना!"

त्यांनी फोन ठेवला. मग सगळा राग त्यांनी समोर बसलेल्या म्हाताऱ्यावर काढला.

"आणि तुम्ही? तुम्ही इतकी वर्षं इथं बसलायत. तलाव समोर, बांध समोर. मला अक्षरं शिकवलीत, पाढे शिकवलेत. हे का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं?"

"तिथं काय झालं ते!"

"मी नव्हतो. दुष्काळ सरल्यावर आलो मी या गावात."

"ऐकलं तर असेल?"

"कुणी बोललं नाही. तूच पहिला, फोन घेऊन घरोघर फिरलास. माझ्या मनात आलं, आता कुणी बोलेल." बाबांनी एक शेंग उचलली, फोडली नाही. "बोलतच होती की."

चन्नवीर खाली बसले. इस्त्रीच्या पँटीला धूळ लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"सरकारनं चौकशी केली असेल. पेपरात आलं असेल. मी वीस वर्षं जिल्ह्यातले जुने पेपर चाळतोय, बाबा. त्या सालचं तलावाचं एवढंच सापडतं: पाहुणे आले, फीत कापली, नारळ फोडला. मग झालं तरी काय? दरड पडली? किती जणी होत्या? कुणी मोजलं? मुकादम कुठं गेला? बाहेर काढलं त्यांना, की..."

त्यांची नजर बांधावर गेली आणि पुढचा शब्द निघेना.



मग चन्नवीरांनी विचारलं. अगदी हळू. धुळाक्षरं गिरवताना विचारायचे तसं.

"बाबा... तुम्ही आलात तेव्हा काय पाहिलंत?"

"मी?"

"हो."

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग थांबले. त्यांना जितका वेळ लागायचा होता तितका लागला, आणि या वेळी चन्नवीरांनी मधे काही विचारलं नाही.

"वरच्या आळीत भिक्षेला गेलो," बाबा म्हणाले. "दारादारांत बापे बसले होते. मांडीवर तान्ही पोरं, आज तुझ्या वयाची असतील. कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून त्यांच्या तोंडात पिळत होते... एका दारात नाही, चन्नू. आळीभर."