भिवरेपुढं उतरायची रीत

“आजी, दहा मिनिटं उठा म्हटलं तर काय बिघडतंय तुमचं? पैसे देतोय ना आम्ही?”

“बिघडतंय म्हणूनच उठत नाही. आणि तो भोंगा बंद कर आधी. कान माझे आहेत, भाड्यानं दिलेले नाहीत.”

हे चाललं होतं मांडवदरीच्या बाजारचौकात. चौकाच्या मधोमध, रस्ता फाटतो तिथं, एक काळा सपाट दगड आहे. त्याला भिवरेचा दगड म्हणतात. त्यावर मी बसते, बायजा बुरुडीण, सुपं विणते आणि तिरडीचे बांबूही देते. माझ्यापुढं त्या दिवशी जुन्या मोटारींची रांग लागली होती. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, घासून घासून आरसा केलेल्या. शहरातून आलेले शौकीन लोक. त्यांचा म्होरक्या मल्हार नाडगौडा, डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर चढवलेला.

कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात भिंतीवर एक जुना फोटो आहे. तसाच्या तसा फोटो त्याला काढायचा होता. जुनी मोटार हवी, जुना बाजार हवा. फक्त बाजारातल्या बायका नकोत. माझ्या जागी बसवायला त्यानं एक पोरगी आणली होती, रेशमी नऊवारीतली. तिच्या हातात सूप होतं, तेही उलटं.

“सुपाचं तोंड कुठलं नि बूड कुठलं, एवढं तरी शिकवून आणायची तिला,” मी म्हटलं.

“फोटोत कोण बघतंय, आजी?”

“फोटोतच बघतात. तू नाही का बघून आलास?”

त्याचे सोबती हसले, तो हसला नाही. मीही हसले नाही. स्टँडासमोरच्या भाजीवाल्या अशाच एका दिवसापुरत्या उठल्या होत्या, कोणा पाहुण्याची मिरवणूक जायची म्हणून. आज त्यांच्या जागेवर लोखंडी जाळी आहे आणि त्या बायका पुलाखाली बसतात. उठलेल्या बाईला पुन्हा बसू देत नाहीत. माझ्या पाठीमागं कुंभारीण होती, लिंबं विकणारी होती. मी उठले की त्याही उठणार होत्या.

“फोटो काढायचाय ना? मग त्या फोटोतली गोष्ट ऐक,” मी म्हटलं. “ऐकून मग काय ते ठरव.”

जहागिरीचा काळ होता. इथल्या बापूसाहेब जहागीरदारांनी, असं सांगतात, या मुलखात पहिली मोटार आणली. हिरव्या रंगाची, उघड्या टपाची, पुढून हँडल मारून सुरू करायची. तिच्यापुढं एक शिपाई ओरडत पळायचा, “बाजूला व्हा.” माणसं बाजूला झाली की बापूसाहेबांना बरं वाटायचं. काही माणसांना तेवढ्यानंच बरं वाटतं.

मग त्यांना वाटलं, मोटारीचा फोटो काढावा, भर बाजारात. फोटोवाला आला, तिपाई लावली, डोक्यावर काळं फडकं घेतलं. हुकूम सुटला, फोटोत गर्दी नको, रस्ता मोकळा करा. पानवाला उठला, तेलीण उठली, टांगे मागं गेले, पखालीचा रेडासुद्धा हाकलला. भिवरा बुरुडीण तेवढी या दगडावर बसून राहिली. तिनं सुपाचं बूड विणायला घेतलं होतं. आमच्यात बाळाच्या पाचवीचं सूप एका बैठकीत विणतात. मधे उठलं तर ते मोडून टाकायचं, त्यात बाळ निजवायचं नाही. हे तिचं व्रतच होतं म्हणे. तिनं बापूसाहेबांना एवढंच सांगितलं, “वीण अर्धी आहे सरकार, उठता येत नाही.” सूप कोणाच्या घरचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

बापूसाहेबांनी मोटार पुढं घ्यायला लावली. तिच्या रचून ठेवलेल्या टोपल्या चाकाखाली कडाकडा मोडल्या. लोक ओरडले. भिवरेनं मान वर केली नाही. तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर मोटार थांबली आणि मेली. हँडल मारून मारून शिपाई घामाघूम झाला. बैल जुंपले, माणसं लावली, चाक हलेना. कोणी म्हणतात, देवी आडवी आली. कोणी म्हणतात, मोडलेल्या टोपल्यांच्या कांबी चाकात गुंतल्या. मला विचाराल तर देवीला बाकीची कामं असतात. त्या कांबीच असणार. भिवरेनं विणलेलं सुटत नाही.

त्या गडबडीत फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडून ठेवलं होतं. त्या काळी फोटोला वेळ लागायचा आणि हललेला माणूस पुसला जायचा. म्हणून त्या फोटोत ढकलाढकलीत हिंदकळणारी मोटार म्हणजे नुसता धुळीचा लोट आहे. बैल नाहीत, शिपाई नाही, सरकारांचा फेटा ढगासारखा. स्पष्ट आहे एकटी भिवरा, कपाळावरच्या गोंदणासकट. तिचे हात तेवढे दिसत नाहीत. हात चालू होते.

वीण संपली, तेव्हा जहागीरदारांच्याच वाड्यावरची दासी धावत आली. “भिवरे, सूप दे, धाकट्या सरकारांच्या बाळाची पाचवी खोळंबलीय.” बापूसाहेबांचा आवाज उतरला, पण ताठा नाही. “माझ्या नातवाचं सूप होतं, तर सांगायचं होतंस,” ते म्हणाले. त्यावर भिवरा एकच वाक्य बोलली. बापूसाहेब मोटारीतून उतरले, धुळीत मांडी घालून बसले आणि ओंजळीत सूप घेतलं. मग हँडल एकदाच फिरवलं आणि मोटार सुरू झाली म्हणे.

आजही मांडवदरीत नवी गाडी घेतली, मग ती रिक्षा असो नाहीतर ट्रॅक्टर, की आधी या दगडापुढं आणतात. इंजिन बंद करायचं, मालकानं खाली बसायचं, सूप विणून होईपर्यंत उठायचं नाही. मागं वाहनं खोळंबतात, पण भोंगा कोणी वाजवत नाही.

“आमच्या काय नव्या गाड्या आहेत?” नाडगौडा म्हणाला. “आणि ती बाई बोलली तरी काय असं?”

भिवरेनं सरकारांना अहो-जाहो केलं होतं. मी तेवढंही केलं नाही. मी ते वाक्य बोलले आणि पुढच्या मोटारीचं इंजिन बंद झालं, मग मागचं, मग त्याच्या मागचं. पांढऱ्याशुभ्र विजारीनिशी तो धुळीत बसला, आणि त्या पोरीनं हातातलं सूप सुलटं केलं. मी हातातली वीण न सोडता म्हणाले होते,

“माझ्या सुपात आलास, माझ्या बांबूवर जाशील, मधल्या वेळात मोटार फिरव हवी तितकी, पण माझ्यासमोर आलास की खाली उतर.”